खिशातली डायरी

साखर कारखाना पाहायला लोक डिसेंबरात जातात. तेव्हा धुराडं पेटलेलं असतं, गव्हाणीत ऊस पडत असतो, मळीचा वास गावभर पसरलेला असतो. मला कारखाना पावसाळ्यात पाहायला आवडतो, कारण तेव्हा तो उघडा असतो. मिलचे रोलर काढून वर्कशॉपात नेलेले, इव्हॅपोरेटरच्या नळ्यांतून ब्रश फिरतोय, बॉयलरच्या ड्रममध्ये एक माणूस दिवा घेऊन आडवा झालेला. हंगामात जे रात्रंदिवस न थांबता चालायला हवं, ते चालणार की नाही हे या महिन्यांत ठरतं. कारखान्याचा खरा हंगाम कोणता असं कुणी विचारलं, तर मी हाच सांगेन.

अलीकडे या ओव्हरहॉलिंगमध्ये एक नवा सोबती आला आहे, देखभालीचं सॉफ्टवेअर. प्रत्येक पंपाला, मोटारीला, गिअरबॉक्सला त्यात क्रमांक असतो. कुठल्या मशीनचं कधी काय केलं, पुढं कधी काय करायचं, कुठलं स्पेअर लागेल हे त्यात लिहिलेलं असतं आणि ठरल्या दिवशी वर्क ऑर्डर आपोआप निघते. याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. मला दोन्हींत तथ्य दिसतं, म्हणून ती समोरासमोर बसवली आहेत. काका एका सहकारी कारखान्यातून मिल फोरमन म्हणून निवृत्त झालेले. पुतणी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिकून त्याच कारखान्यात देखभालीच्या नियोजनाला लागलेली. दोघंही कल्पनेतले आहेत. त्यांचं भांडण मात्र खरं आहे.

पुतणी : काका, आज चहाला नाही, कामाला आलेय. तुमची ती डायरी हवी होती.

काका : कुठली गं?

पुतणी : शर्टाच्या खिशात असायची ती. लाल पुठ्ठ्याची. मिल सेटिंग लिहिलेली.

काका : ती माझी आहे. कारखान्याची लॉगबुकं कारखान्यात आहेत, तिथं बघ.

पुतणी : बघितली. तीन हंगामांची चाळली. चार नंबर मिलच्या टॉप रोलरच्या बेअरिंगबद्दल पाच ठिकाणी एकच वाक्य आहे. 'बेअरिंग गरम, पाणी वाढवले, ठीक.' का गरम झालं, उघडल्यावर आत काय दिसलं, काही नाही.

काका : ते लॉगबुकात लिहायचं नसतं.

पुतणी : का?

काका : लॉगबुक चीफ इंजिनिअर वाचतात, एमडी मागवतात, कधी संचालक मंडळापुढं जातं. 'ट्रॅश प्लेट उंच बसली होती, म्हणून रोलरवर लोड आला' असं शिफ्टचा माणूस तिथं लिहील होय? प्लेट बसवणारा त्याच्याच शेजारी उभा असतो. शिवाय मिल थांबली की पहिला प्रश्न एकच असतो, हा टाइम कुणाच्या खात्यावर टाकायचा? आम्ही म्हणायचं, इलेक्ट्रिकलनं मोटार ट्रिप केली. ते म्हणायचे, तुमची मिल चोक झाली म्हणून ट्रिप झाली. दोघांचं जमलं की म्हणायचं, ऊसच नव्हता.

पुतणी : 'नो केन'.

काका : यार्डात ऊसगाड्यांची रांग लागलेली आणि लॉगबुकात 'नो केन'. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

पुतणी : आणि तोच 'नो केन'चा आकडा हंगाम संपल्यावर आरटी-8(सी) अहवालात जातो.

काका : जातो ना. म्हणून तुला सांगतो, तुझ्या कॉम्प्युटरात आमच्यापेक्षा खरं काही येणार नाही. खोटं लिहायची सवय वहीनं लावलेली नाही. लिहिलं की शिक्षा होते, त्यानं लावलीय. वही गेली, फोन आला, शिक्षा तिथंच आहे.

पुतणी : मग डायरीत तुम्ही खरं का लिहिलंत?

काका : मलाच पुढच्या हंगामाला लागणार होतं म्हणून.

काकांचं हे उत्तर मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतं. माणूस खरं तेव्हाच लिहितो, जेव्हा लिहिलेलं त्याच्या स्वतःच्या उपयोगाला येणार असतं. वरच्याला दाखवायला लिहिलेली नोंद आणि उद्या आपल्याच हाताला लागेल म्हणून लिहिलेली नोंद, या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. सॉफ्टवेअर विकणारे दोन्हींना 'डेटा' म्हणतात आणि तिथंच फसगत सुरू होते. पण पुतणीची बाजू इथं संपत नाही.

पुतणी : तुमच्या डायरीचा तुम्हाला उपयोग झाला, काका. तुम्ही निवृत्त झाल्यावर पहिल्याच हंगामात चार नंबरचं बेअरिंग पुन्हा गरम झालं. मिल तीन तास उभी होती. पाच हजार टनी कारखाना म्हणजे तासाला दोनशे टनांवर गाळप. सहाशेहून जास्त टन ऊस यार्डात वाळत बसला. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक उतरते, हे मी तुम्हाला सांगायला नको. शेतकऱ्याच्या उसाचं वजन घटलं, कारखान्याचा उतारा घटला. आणि उपाय तुमच्या खिशात होता.

काका : मला फोन करायचा होता.

पुतणी : रात्री अडीच वाजता? आणि किती वर्षं? शिफ्टवर तेव्हा दोन हंगामी फिटर होते आणि ठेकेदाराची दोन पोरं. ती पोरं पुढच्या हंगामाला दुसऱ्याच कारखान्यात असतात. हंगामी माणूस रिटेन्शन अलाउन्सवर घरी बसतो, नाहीतर दुसरीकडं कामाला लागतो. मशीन तेच राहतं, माणसं दरवर्षी बदलतात. मग मशीनची आठवण कुणी ठेवायची?

काका : हे मात्र खरं आहे. आमच्या वेळी एक माणूस एकाच मिलवर वीस-वीस वर्षं असायचा. लांब स्क्रू-ड्रायव्हर बेअरिंगच्या घरावर टेकवून दुसरं टोक कानाला लावायचं. आवाज फुटका आला की समजायचं. हात ठेवायचा, चार आकडे मोजेपर्यंत टिकला तर चालू दे. बोल्टवर हातोडी मारायची, ठण्ण वाजला तर घट्ट, बद्द वाजला तर ढिला. तुझ्या त्या यंत्राला हे येतं का?

पुतणी : नाही येत. व्हायब्रेशन मोजायचा सेन्सर लावला तर थोडं येतं, पण सगळीकडं सेन्सर परवडत नाही. मला तुमच्या कानाची जागा भरायची नाहीये. कानानं ऐकलं ते कुठंतरी राहावं एवढंच म्हणतेय.

काका : बरं, राहू दे ते. मला सांग, तुझ्या कॉम्प्युटरनं तारीख आली म्हणून चालता पंप उघडायला लावला तर? आमच्याकडं एकदा असं झालं. इंजेक्शन पंप गुण्यागोविंदानं चालत होता. वेळापत्रकात होतं म्हणून बेअरिंग बदललं. बाराव्या दिवशी नवीन बेअरिंग कापलं. बसवणाऱ्यानं ते गरम करून शाफ्टवर सरकवायचं सोडून हातोडीनं ठोकलं होतं. जुनं ठेवलं असतं तर हंगाम काढला असता. चालत्या मशीनला उगाच हात लावू नये, हे मला माझ्या उस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलं.

पुतणी : तुमच्या उस्तादांचं म्हणणं दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात सिद्ध झालंय.

काका : काय सांगतेस!

पुतणी : खरंच. पाणबुड्या शोधणाऱ्या त्यांच्या कोस्टल कमांडमध्ये वॉडिंग्टन नावाचे शास्त्रज्ञ होते. मूळचे जीवशास्त्रज्ञ. विमानांची दर पन्नास तासांच्या उड्डाणानंतर तपासणी व्हायची. त्यांच्या गटानं बिघाडांच्या नोंदी मांडून बघितल्या. अचानक होणारे बिघाड सगळ्यात जास्त केव्हा, तर तपासणी झाल्याझाल्या. मग ते हळूहळू कमी होत जायचे. म्हणजे तपासणीच बिघाड आणत होती. पुढं 1978 साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. विमानाच्या ज्या भागांचा त्यांनी अभ्यास केला, त्यातल्या फक्त 11 टक्के भागांत वय वाढलं की बिघाड वाढतो असं दिसलं. उरलेल्या 89 टक्क्यांना 'इतके तास झाले, बदला' या नियमाचा फायदाच नव्हता.

काका : मग झालं की! तुझी बाजू तूच हरलीस.

पुतणी : नाही काका. त्यांना हे कळलं कशावरून? प्रत्येक विमानाचा प्रत्येक बिघाड तारीख-तासानिशी लिहिलेला होता म्हणून. तुमच्या उस्तादांना ते अनुभवानं कळलं, पण ते कुणाला दाखवून देता आलं नाही. म्हणून वेळापत्रक तसंच राहिलं आणि तुमचा पंप उघडला गेला.

काका : (थोडा वेळ गप्प) हं.

पुतणी : आपल्या मिलचं विमान करायचं नाहीये मला. मिलच्या रोलरचं कवच झिजतंच, त्याचे दात गोल होतात, ऊस पकडत नाही. ते दर ऑफ सीझनला बघायलाच हवं. बॉयलरच्या नळीची जाडी कमी होते, ती मोजायलाच हवी. गिअरबॉक्सचं मात्र तसं नाही. त्याचं तेल तपासा, तेलात धातूचे कण नसले तर उघडू नका. हे वेगवेगळं ठरवायला मला मागच्या दहा हंगामांचा हिशेब लागतो.

काका : हिशेब लागतो म्हणतेस, पण तो भरणार कोण? मी ऐकलं काय काय चाललंय ते. गेल्या महिन्यात म्हणे ग्रीसिंगच्या शेहेचाळीस जागा वीस मिनिटांत पूर्ण झाल्या. उसाच्या कॅरिअरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं चालायला किती वेळ लागतो? पोरानं कॅन्टीनमध्ये बसून टिक मारल्या.

पुतणी : हो. मीच पकडलं.

काका : मग? त्याला मेमो दिलास?

पुतणी : नाही. त्याला घेऊन मी त्या शेहेचाळीस जागा फिरले. अकरा जागी ग्रीस निपलच नव्हतं. तुटून पडलेलं. चार जागी हात पोचत नव्हता. तो वर्षभर न होणारं काम 'झालं' म्हणून टिक मारत होता, कारण ॲपमध्ये 'निपल नाही' असं लिहायला जागाच नव्हती. 'पूर्ण' नाहीतर 'अपूर्ण'. अपूर्ण टाकलं की त्याच्या नावापुढं लाल.

काका : बघ, मी काय म्हणत होतो.

पुतणी : म्हणून सांगतेय. चूक त्या पोराची नव्हती, आमची होती. बिघाडाची कारणं निवडायला सॉफ्टवेअर कंपनीनं साठ पर्याय दिले होते. ग्रीसचे हात, चालू शिफ्ट, साठ पर्याय. सगळे पहिल्या पानावरचं 'इतर' दाबून मोकळे व्हायचे. पहिल्या दोन महिन्यांतल्या नोंदी उघडल्या तर जिथं तिथं 'इतर'. मी ते साठ काढून सात ठेवले. आणि खाली बोलून नोंद करायची सोय घेतली, मराठीत. फोटो काढायचा, दोन वाक्यं बोलायची, संपलं. मशीनला आपण म्हणतो तेच नावही टाकलं. कागदावर त्या पंपाला अकरा अक्षरी क्रमांक आहे, पण शॉपमध्ये त्याला सगळे 'थोरला पंप' म्हणतात. शोधताना 'थोरला' टाकलं की तो निघाला पाहिजे.

काका : हे चांगलं केलंस. नावं कुणी बदलू नयेत. आणि स्टोअरचं काय? स्टोअरशी आमचं कायम वाकडं. एकच बेअरिंग तीन नावांनी तीन रॅकवर असायचं आणि आम्हाला 'नाही' म्हणून सांगायचे.

पुतणी : तसंच निघालं. एक बेअरिंग दोन नावांनी, एक सील तीन नावांनी. ते एकत्र करायला सहा आठवडे गेले. सॉफ्टवेअर घेताना हे कुणी सांगत नाही. घेतल्यावरचं पहिलं वर्ष नुसतं घर झाडण्यात जातं.

काका : आणि इतकं करून मिल थांबायची ती थांबणारच.

पुतणी : थांबणार. कमी थांबेल. आणि काही ठिकाणी थांबण्यापेक्षा मोठं काही टळेल. काका, उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा तेलाचा तळ होता. 6 जुलै 1988. दिवसपाळीत एका पंपाची सुरक्षा झडप काढून तपासायला नेली आणि त्या जागी चकती बसवली. काम संध्याकाळपर्यंत झालं नाही. त्याच्या परवान्याचा कागद वेगळ्या ठिकाणी ठेवला होता. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीच्या लोकांनी कागद बघितले. पहिल्या पंपाच्या ओव्हरहॉलिंगचा कागद सापडला, ते काम सुरूच झालेलं नव्हतं. झडपेचा कागद त्यांच्या समोर आला नाही. त्यांनी तो पंप चालू केला. वायू सुटला, स्फोट झाला, 167 माणसं गेली.

काका : अरे देवा. एका कागदापायी.

पुतणी : कागद होता. एका मशीनची दोन कामं एका ठिकाणी दिसत नव्हती. पुढं बरंच काही चुकत गेलं, पण सुरुवात तिथं झाली. आपल्याकडं पाळी बदलताना काय होतं? 'सगळं ठीक' म्हणायचं आणि सायकल काढायची.

काका : आम्ही तोंडी सांगायचो. उभं राहून, मशीनजवळ. घाईत राहून जायचं कधी, ते खरं. एकदा कॅरिअरची चेन दुरुस्त करायला माणूस आत होता आणि दुसऱ्या पाळीनं स्टार्टर दाबायला हात नेला. ओरडलो म्हणून वाचला. त्या रात्री घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

पुतणी : हे डायरीत आहे?

काका : आहे. तारीखही आहे.

इथं मला मध्ये बोलायलाच हवं. अशा 'वाचलो' प्रसंगांची नोंद हीच माझ्या मते देखभालीच्या कुठल्याही यंत्रणेची सगळ्यात मोलाची नोंद असते आणि तीच सगळ्यात कमी लिहिली जाते. मिल थांबली तर तास मोजता येतात. माणूस वाचला तर मोजायला काहीच उरत नाही. कुठलाही पडदा, कुठलाही आलेख तो प्रसंग आपणहून पकडत नाही. तो सांगावा असं ज्याला वाटतं, त्यानंच सांगावा लागतो.

काका : तुला एक गोष्ट सांगतो. दोन नंबर मिलच्या गिअरबॉक्सबद्दल मी चार वर्षं सांगत होतो, हा जाणार. चीफ इंजिनिअरनी फाइल वर नेली. मीटिंगमध्ये विचारलं, कशावरून? मी म्हटलं, आवाजावरून. सगळे गप्प बसले. नवा गिअरबॉक्स म्हणजे मोठा खर्च, एका फोरमनच्या कानावर कोण देणार? पाचव्या वर्षी जानेवारीत गेला. ऐन हंगामात. तेव्हा मात्र दुप्पट धावपळ करून आणला. मला वाईट कशाचं वाटलं सांगू? माझं खरं ठरलं तरी कुणाला आठवत नव्हतं की मी सांगितलं होतं.

पुतणी : तुमच्याकडं चार वर्षांच्या तेलाच्या तपासण्या असत्या, व्हायब्रेशनचे चढते आकडे असते, तर?

काका : तर त्यांना 'कशावरून' विचारता आलं नसतं. माझ्याकडं कान होता, कागद नव्हता.

पुतणी : काका, त्याच्यासाठीच तर मी हे आणतेय.

काका : थांब. तू आहेस तोवर ठीक. उद्या तुझ्या जागी दुसरा येईल आणि याच नोंदी काढून विचारेल, अमक्यानं किती कामं उशिरा केली, तमक्याच्या पाळीत मिल किती वेळा थांबली. त्या दिवसापासून परत 'पाणी वाढवले, ठीक'. पोरं हुशार असतात. त्यांना दोन दिवसांत कळतं, हे आपल्यासाठी आहे की आपल्यावर आहे.

पुतणी : मान्य आहे. त्याचा बंदोबस्त सॉफ्टवेअरमध्ये होत नाही. मी चीफ इंजिनिअर साहेबांना एवढंच मागितलंय की वर्क ऑर्डरच्या नोंदीवरून कुणाला मेमो द्यायचा नाही. मेमो द्यायचा तर वेगळी चौकशी करा.

काका : लेखी दिलं त्यांनी?

पुतणी : अजून नाही.

काका : आधी लेखी घे. मग डायरी देतो.

पुतणी : काका!

काका : डायरी देऊन भागतही नाही. त्यात नुसतं 'चा. नं. डि. दोन सूत कमी' असलं लिहिलंय. ते माझ्याशिवाय कुणाला वाचता येणार? सोमवारी मी शॉपमध्ये येतो. मिल उघडी आहे, तिच्याजवळ उभं राहून एकेक सांगतो. दोन पोरं सोबत ठेव, ठेकेदाराची असली तरी चालतील. तू लिही. आणि लिहून झालं की मला परत वाचून दाखव.

काकांची अट मला रास्त वाटते आणि पुतणीची घाईही. सॉफ्टवेअर घ्यावं की नाही, हा वाद आता फारसा उरलेला नाही. मशीनं वाढली, माणसं टिकेनाशी झाली, स्मरणावर कारखाना चालवण्याचे दिवस गेले. घ्यावंच. पण ज्या कारखान्यात नोंदीवरून मेमो निघतो, तिथं ते पैसे पाण्यात जातील, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे वाचणाऱ्यांत कुणी कारखान्याचे, गिरणीचे, पाणीपुरवठा केंद्राचे किंवा एसटी आगाराच्या वर्कशॉपचे प्रमुख असतील, तर त्यांना एक विनंती आहे. या वर्षी तुमच्याकडून जे फिटर, फोरमन, मेस्त्री निवृत्त होणार आहेत त्यांची यादी काढा. निरोप समारंभाच्या आधी, मशीन उघडं असताना, प्रत्येकाला पंधरा दिवस मोकळे द्या. एक लिहिणारा आणि दोन शिकणारे त्यांच्याजवळ उभे करा. सॉफ्टवेअरची पहिली नोंद तिथून होऊ द्या.

ऑक्टोबर लांब नाही. बॉयलर पेटला की मग कुणालाच वेळ नसतो.